बिननावाच्या वह्या

वहीवर नाव दिसलं की खडूसर ती उघडतच नसत. "नाव काहून टाकलं वं? नाव दिसलं का मन झुकते," म्हणायचे आणि वही परत. नागपूरच्या आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात ते प्रोग्रामिंग भाषांच्या संकल्पना शिकवत, तेही कॉम्प्युटरला हात न लावता, नुसत्या खडूनं. म्हणून हे नाव. आडनाव ऐकून माणूस तोलणारे आम्ही पुष्कळ पाहिले होते. त्यामुळे सरांची ही रीत आम्हाला फार थोर वाटायची. अख्ख्या वर्गाच्या वह्या बिननावाच्या.

शिकवायचे मात्र असे की विचारू नका. एकदा मला उभं करून म्हणाले, "घरी चहा कसा मागतं तू? 'आई, चहा दे' म्हणतं, का गॅस पेटव, पातेलं ठेव, साखर टाक, असं सांगत बसतं? काही भाषांत नुसतं काय पाहिजे ते सांगा लागते, काहींत कसं करायचं तेही." वर्षभर डोक्यात न शिरलेलं त्या चहानं शिरलं.

त्याच झपाट्यात मी स्वतःची एक छोटी भाषा रचली. बाबा नागपूरजवळच्या वाडीला ट्रान्सपोर्टच्या गोदामात हमाल होते. ही भाषा त्या गोदामातला माल शोधणारी. 'सिमेंट पाहिजे' एवढं लिहायचं, ते कुठल्या रॅकवर आहे हे तिनं शोधायचं. माझ्या उदाहरणात सहानंतर एकदम आठवा रॅक होता, कारण बाबांच्या गोदामात सातच्या जागी दार होतं. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट हाच, असं मी घरभर सांगून ठेवलेलं. सरांनी वही सावकाश चाळली. "कच्चं आहे पोरी. सध्या दुसरं कर काही. वही राहू दे माह्यापाशी." मी निमूटपणे लायब्ररीच्या पुस्तकांची नोंद ठेवणारा प्रोजेक्ट केला, जो दरवर्षी चारजण करतात.

कॉलेज सुटल्यावर दोन वर्षांनी सरांचं पुस्तक आलं. मी हौसेनं विकत घेतलं आणि बाबांपुढे उघडलं. चौथ्या प्रकरणात गोदामाचं चित्र होतं. बाबांना इंग्रजी येत नाही, आकडे येतात. त्यांनी बोट ठेवलं. "हे तं आपलं गोदाम आहे. सात नंबर नाही, पाह्य." मग पानं उलटत म्हणाले, "तुहं नाव कुठं आहे?"

मी सरांच्या धंतोलीच्या घरी गेले. त्यांनी प्रेमानं बसवलं, चहा दिला. मी पुस्तक पुढे धरून विचारलं, "सर, या गोदामात सातवा रॅक का नाही?" ते चित्रातले रॅक बोटानं मोजू लागले. त्यांना ठाऊक नव्हतं. शेवटी म्हणाले, "पोरी, तुले शिकवलं कोनं?"

परक्यानं लुबाडलं असतं तर चार शिव्या घालून मोकळी झाले असते. या माणसाला मी देवासारखं मानलं होतं. चहा तसाच ठेवून उठले, त्यानंतर त्यांच्या घरी गेले नाही.

आता तोच विषय मी शिकवते. वहीवर नाव नसलं की वही परत करते. चहाहून चांगलं उदाहरण मात्र मला अजून सापडलेलं नाही. ते देते तेव्हा दरवर्षी आधी पोरांना सांगते, हे माझं नाही, खडूसरांचं आहे.