फूटपट्टीचा लाजाळू मित्र

ऑफिसात त्यांना सगळे ‘फूटपट्टी’ म्हणायचे. पाठीमागे नव्हे, तोंडावर. आणि ते रागवायचे नाहीत. उलट खिशातली सहा इंची स्टीलची पट्टी जरा वर ओढून ठेवायचे, टोक दिसावं म्हणून.

काम साधं. कॉम्प्युटरवर जी खिडकी उघडते तिच्यात नावाचा रकाना कुठे, वय कुठे, बटणं कुठे, हे ठरवायचं. बावीस वर्षं तेच. आधी चौकटींच्या कागदावर पेन्सिलीने आखायचं, मग एकेका वस्तूला जागा नेमून द्यायची: डावीकडून पडद्यावरचे चाळीस ठिपके, वरून एकशे वीस, बस इथे, हलायचं नाही. मग पट्टी थेट पडद्यालाच लावून बघायची. मॉनिटरवर त्याचे बारीक ओरखडे उठले होते. सफाईवाली एकदा ते पुसायला गेली तर म्हणाले, “राहू द्या. खुणा आहेत त्या.”

असं सगळं रेषेत चाललं होतं, तेवढ्यात त्यांच्या सख्ख्या बहिणीची मुलगी त्याच ऑफिसात कामाला लागली. पहिल्याच दिवशी त्यांनी तिला जिन्यात गाठलं.

“हे बघ, घरी मी मामा. इथे सर. कळलं?”

“कळलं, मामा.”

आठवडाभरात अख्खं ऑफिस त्यांना मामा म्हणायला लागलं. चहावालासुद्धा.

भाचीच्या खिडक्या मात्र वेगळ्या होत्या. ती कशालाच ठिपके मोजून द्यायची नाही. कोपरा धरून खिडकी ओढली की आतले रकाने रुंद व्हायचे, बटणं आपली आपण कडेला सरकायची. फूटपट्टींना ते बघून कसंतरीच व्हायचं. भिंतीवरची फ्रेम चालायला लागली तर होईल तसं.

“मामा, ग्रुप फोटो काढणारा काय करतो? उंच मागे, बुटके पुढे, मोठी माणसं खुर्च्यांवर. प्रत्येकाला पट्टीने मोजून उभं करतो का? कॉम्प्युटरमधला लेआउट मॅनेजर तसाच. कोण वर, कोण खाली, कोण कोणाशेजारी, एवढं तू सांगायचंस. जागा तो लावतो.”

“आणि माझं बटण कुठे बसणार ते तो ठरवणार?”

“हो.”

“मग मी काय ठरवू? चहा किती वाजता प्यायचा ते?”

विषय संपला. म्हणजे त्यांच्यापुरता संपला.

मग डोळ्यांच्या एका दवाखान्याचं काम आलं. काउंटरवर पेशंटची नोंद करायची खिडकी: नाव, वय, पत्ता, तक्रार, आणि खाली दोन बटणं, ‘पुढे पाठवा’ आणि ‘रद्द करा’. फूटपट्टींनी ती अशी आखली की बघणाऱ्याने पट्टी लावावी आणि लाजावं. बसवून दिली, काउंटरवरच्या बाईंना समजावली आणि समाधानाने परत आले.

आता डोळ्यांच्या दवाखान्यात काउंटरला बसणाऱ्या बाईंचे स्वतःचे डोळे चांगले असावेत, असा काही नियम नाही. बाईंचा चष्मा बाटलीच्या बुडासारखा. त्यांनी दुसऱ्याच दिवशी कॉम्प्युटरवरची अक्षरं दुप्पट मोठी केली. अक्षरं सुजली, पण फूटपट्टींनी नेमून दिलेल्या जागा जिथल्या तिथे. नावाच्या अंगावर वय चढलं. एक बटण कापलं जाऊन ‘पुढे पा’ एवढंच उरलं. आणि ‘रद्द करा’ खिडकीच्या तळाशी अर्ध्याहून जास्त गडप झालं. वर नुसती एक करडी रेघ.

“पुढे पा,” बाई वाचायच्या. “पुढे पाणी? पुढे पायऱ्या? असो, पुढे तर जातंय ना!”

तशात एक गृहस्थ आईला घेऊन आले. बाईंनी नाव विचारलं, त्यांनी सवयीने स्वतःचं सांगितलं. बटण दाबल्यावर चूक कळली, पण रद्द करणार कसं? बाईंनी पडद्याला नाक टेकवून पाहिलं, बटण सापडेना. म्हणून आईचं नाव वेगळं घातलं आणि दोघंही यादीत गेले. त्या दवाखान्याची शिस्त अशी, की यादीत नाव आलं की बाकड्यावर बसल्या जागी थेंबवाल्या सिस्टर येऊन बाहुल्या मोठ्या करायचे थेंब घालणार.

“अहो, माझे डोळे ठणठणीत आहेत!”

“सगळे असंच म्हणतात. वर बघा.”

“मी आईला घेऊन आलोय हो!”

“आईंनाही घातलेत. वर बघा म्हटलं ना.”

पुढचे तीन-चार तास मायलेक बाकड्यावर शेजारी शेजारी बसून धूसर जगाकडे बघत होते. कोणी कोणाला घरी न्यायचं, हा प्रश्न होता.

ही हकिगत ऑफिसच्या मालकीणबाईंकडे पोचली. त्या हसल्या नाहीत, यावरूनच फूटपट्टींना काय ते कळलं.

“सोमवारी मी स्वतः काउंटरमागे उभी राहणार आहे. तोवर खिडकी नीट झाली तर ठीक. नाहीतर खिडक्यांचं सगळं काम तुमच्या भाचीकडे, आणि तुम्ही माहितीपुस्तिका लिहा.”

माहितीपुस्तिका! जी कोणी वाचत नाही, ती लिहिणारा माणूस! फूटपट्टींनी पट्टी उपसली आणि तीन दिवस मोजत बसले. दुप्पट अक्षरांसाठी वेगळी खिडकी केली. मग दीडपटीची. मग पावणेदोनपटीची. सात खिडक्या झाल्या. दर खिडकीत काहीतरी कशावर तरी चढतच होतं. शेवटी ते सरळ दवाखान्यात गेले.

“बाई, तुमच्या अक्षराचा आकार एकदाचा ठरवून टाका. मी मोजून घेतो.”

“मी काय ठरवणार? डोळे ठरवतात. सकाळी बरं दिसतं, जेवणानंतर दमतात. मग मी अक्षरं फुगवते. आणि संध्याकाळी दुसरी येते ना, ती परत बारीक करते. तरुण आहे मेली.”

फूटपट्टी मटकन बाकड्यावर बसले. सवयीने त्यांनी नजरेनेच बाकडं मोजलं. नऊ फूट. दर माणशी दीड फूट, म्हणजे सहा माणसं. बसली होती आठ! नववे आजोबा काठी टेकत आल्या आल्या काउंटरवरून आवाज आला, “सरका जरा!” सगळे सरकले. जाड बाईंना जास्त जागा मिळाली, बारीक मुलीला कमी. काठीवाल्यांना कडेची, पाय लांब करायला. कोणी कोणाला इंच विचारले नाहीत. मधे एक उठून गेला तर उरलेले आपसूक पसरले. फूटपट्टी स्वतः तीनदा सरकले, आणि तिसऱ्यांदा सरकले तेव्हा खिशातली पट्टी त्यांच्या बरगडीत टोचली.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ते भाचीच्या टेबलापाशी आले. छताकडे बघत म्हणाले, “माझा एक मित्र आहे.”

“बरं.”

“तो तुझ्या त्या लेआउट मॅनेजरच्या नादी लागलाय. मी समजावलं, ऐकत नाही.”

“अरेरे. नाव काय त्याचं?”

“नाव कशाला हवंय? लाजाळू आहे. त्याचं म्हणणं, खिडकीचे पाच भाग करणारा एक आहे ना, वर, खाली, दोन बाजू आणि मधे, तो घेतला. मधल्या जागेत चार रकाने टाकले. दिसतोय एकच! बाकीचे तीन गेले कुठे?”

भाचीने डब्याचं झाकण लावलं. हसू त्यातच कोंबलं असावं.

“तुझ्या मित्राला सांग, त्या मधल्या जागेत एकच वस्तू मावते. चौघांना बसवायचंय तर आधी चौघांना एका डब्यात ओळीने लावायचं, आणि तो डबा मधे ठेवायचा. डब्याचा मॅनेजर वेगळा.”

“म्हणजे डब्यात डबा.”

“हो. आणि ‘रद्द करा’ खालच्या भागात ठेवायचं. अक्षरं कितीही सुजली तरी खालचा भाग आधी आपली पुरेशी उंची घेतो. उरेल ते मधल्याला. मधलं मावलं नाही तर त्याला वर-खाली सरकायची पट्टी द्यायची.”

“हं. मित्र विचारत होता, दोन बटणांमधली फट तरी मोजून देता येते का?”

“येते की! ती द्यावीच लागते.”

“किती?”

“मी अंदाजाने देते.”

“अंदाजाने!” मामांचा चेहरा पहिल्यांदा उजळला. “त्याला सांगतो, आठ ठिपके. आठच.”

शनिवारपर्यंत त्या लाजाळू मित्राला अकरा शंका आल्या. रविवारी दुपारी त्याने भाचीच्या घरी फोनसुद्धा केला, आणि पलीकडून मामी ओरडलेली तिला स्पष्ट ऐकू आली: “आवाज कशाला बदलताय हो? सर्दी झालीये का?”

सोमवारी मालकीणबाई काउंटरमागे उभ्या. भाची दाराशी. फूटपट्टी मधे, हात पाठीमागे बांधून. काउंटरवरच्या बाईंनी अक्षरं दुप्पट केली, वर मालकीणबाईंनी खिडकीचा कोपरा धरून ती निम्मी केली. रकाने आत सरकले, कडेला सरकायची पट्टी उगवली आणि तळाशी दोन्ही बटणं अख्खी उभी राहिली.

एवढ्यात तेच गृहस्थ आईला तपासणीला घेऊन आले. बाईंनी विचारलं, “नाव?” आणि त्यांनी, माणूस सुधारतो थोडाच, पुन्हा स्वतःचंच सांगितलं. बाईंनी ‘पुढे पाठवा’ दाबलं. थेंबवाल्या सिस्टर बाटली हलवत निघाल्या. गृहस्थ बाकड्यावर चढायचेच बाकी होते.

“अहो, मी नाही! आई! आई!”

“वर बघा.”

बाईंनी चष्मा वर ढकलला, पडद्याकडे पाहिलं आणि नाक न टेकवता ‘रद्द करा’ दाबलं.

“सिस्टर, थांबा! ह्यांचं नाव खोडलं. आईंना घाला.”

गृहस्थ खाली बसले. सगळं बाकडं त्यांना जागा द्यायला सरकलं.

मालकीणबाई मान डोलावत म्हणाल्या, “छान. खिडक्या तुमच्याकडेच राहू देत. पण एवढं सगळं पट्टीने मोजून केलंत?”

“अर्थात,” फूटपट्टी म्हणाले, आणि दाराकडे बघायचं त्यांनी शहाणपणाने टाळलं.

जिन्यात भाचीने गाठलंच. “मामा, त्या मित्राला माझ्याकडून शाबासकी सांग हं.”

“कशाला?” मामा पट्टी खिशात नीट बसवत म्हणाले. “आधीच शेफारलाय तो.”