ओल्या सिमेंटमधला तळहात

वाल्ट्राउट ब्रेटश्नायडरचा विश्वास फक्त स्वतःच्या डोळ्यांवर, आणि तोही चष्मा पुसल्यावर. जन्मभर तिनं लाइपझिगच्या ट्राममध्ये तिकिटं तपासली. बाई निवृत्त झाली, नजर झाली नाही. आमच्या बागवसाहतीत संघ भाड्यानं बागेचे तुकडे देतो; तिची बाग माझ्या बागेला लागून, मध्ये फक्त झुडपांचं कुंपण. चेरी दिल्या तर विचारायची, "किडल्यात का गं?" नाही दिल्या तर, "यंदा कुणाची धन केलीस?"

तिची लेक आंके हॅम्बुर्गला. एरवी नाताळाशिवाय तोंड दाखवायची नाही, पण त्या उन्हाळ्यात सारखी यायला लागली, सोबत तिची लहानगी लोट्टे. एका शनिवारी मायलेकींनी केकच्या भांड्यात सिमेंट कालवलं, लोट्टेनं त्यात तळहात दाबला, भोवती निळ्या काचेचे तुकडे रोवले. पायवाटेत बसवायचा दगड, आठवण म्हणून.

"आई, तूही हात उमटव ना शेजारी," आंके वाल्ट्राउटला म्हणाली.

"ठसे चोरांचे घेतात, नाहीतर मरायला टेकलेल्यांचे. मी कुठल्या रांगेत?"

आंकेचा चेहरा पडला. "बरं, राहू दे. पण त्याला हलवू नकोस, कच्चा आहे अजून."

त्याच दुपारी संघाचे अध्यक्ष त्सशोखे टेप घेऊन आले, बागेतली झोपडी मोजली, झाडं पाहिली आणि जाताना फाटकापाशी आंकेशी कुजबुजले. झालं! वाल्ट्राउट तडक कुंपणाशी.

"बघितलंस, रोझविटा? इथं टेप कधी निघते? बाग हातातून जायची असते तेव्हा. पोटच्या पोरीनं माझी बाग दुसऱ्याला द्यायला काढलीय!"

"अगं, मग सरळ विचार की तिला."

"बिनतिकिटाचा कधी कबूल होतो? आणि ते सिमेंट! आपल्याकडं सिमेंट ओतायला बंदी आहे ना? उद्या त्सशोखे म्हणणार, बाईंनी नियम मोडला, चला, बाग खाली करा. पुरावा आणून ठेवलाय माझ्या दारात!"

"केकच्या भांड्यातल्या दगडाला कोण विचारतंय, बाई?"

पण शंकेखोर माणसाला उत्तर दिलं की तेही कटात सामील होतं. आंके आणि लोट्टे आइस्क्रीम आणायला गेल्या, तेवढ्यात वाल्ट्राउटनं तो दगड माझ्या बागेत लपवायचा म्हणून भांड्यातून उपटला. ओलाच होता. तळहाताच्या मधोमध दुभंगला.

त्या दोघी फाटकातून आल्या तेव्हा दोन्ही तुकडे तिच्या हातात होते.

आंकेनं हातातलं आइस्क्रीम गवतावर ठेवलं. मग म्हणाली, "आम्ही परत येतोय, आई. कायमचे. तुझ्याच्यानं आता खणणं होत नाही, म्हणून बाग माझ्या नावावर करून घेत होते. घरातल्या घरात दिली तरी किंमत ठरवावीच लागते. दगड वाळला की बसवताना सांगणार होते."

"आधी का नाही बोललीस?"

"आधी बोलले असते तर तू म्हणाली असतीस, पोरगी बाग बळकावायला निघालीय."

वाल्ट्राउटनं खाली बघितलं. "म्हणाले असते," ती म्हणाली. मला तिचा राग आला होता, आणि कीवही.

लोट्टे रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. आईकडून पुन्हा सिमेंट कालवून घेतलं, पुन्हा हात दाबला आणि आईला ते भांडं उचलायला लावून माझ्या फाटकाशी आली.

"मावशी, हा तुझ्याकडं वाळू दे. आजीकडं नको." मग मला आपादमस्तक न्याहाळून म्हणाली, "आणि तू पण हात लावायचा नाहीस हं. मी बघणार आहे."

मला हसू यायला हवं होतं, आलं नाही. पलीकडं वाल्ट्राउटनं सगळं ऐकलं होतं.

त्या संध्याकाळी ती कुंपणापलीकडून सारखी विचारत होती, "वाळला का गं?"

"ये की, बघ स्वतःच्या डोळ्यांनी."

"नको," ती म्हणाली. "तिनं मला तिथं पाहिलं तर?"