दोन्ही बाजूंनी उघडणारं दार

बंगळूरच्या उभ्या बसवनगुडीत दाराकडे इतक्या संशयानं पाहणारा दुसरा माणूस सापडायचा नाही. आमच्या वरच्या मजल्यावरचे काका मूळचे बेळगावकडचे. नोकरीची सगळी वर्षं एका सरकारी संशोधन संस्थेत हवाबंद दारं तयार करण्यात गेली. कुणाकडेही गेले की यजमानांच्या आधी बिजागऱ्यांची विचारपूस. चामराजपेटेतल्या एका लग्नात मुहूर्त तोंडावर आला तरी मुलीचे मामा सापडेनात. काकांनी कडी तपासायची म्हणून त्यांना खोलीत बंद केलं होतं! सगळे अक्षता घेऊन ताटकळलेले, आणि काका शांतपणे म्हणाले, "बघा, आतून उघडत नाही. आतून न उघडणारं दार म्हणजे डिझाइनची चूक."

असा माणूस कादंबरी लिहायला बसला तो काकूंमुळे. काकू शाळेत इंग्रजी शिकवायच्या. त्यांचा जीव एका जुन्या इंग्रजी कादंबरीवर. माळावरची एकाकी हवेली, तिथे शिकवणीला आलेली अनाथ तरुणी, तिच्यावर जीव जडलेला घुमा मालक, आणि वरच्या खोलीत कोंडलेली त्याची बायको, जिला सगळे वेडी म्हणतात. शेवटी हवेलीला आग लागते, बायको मरते आणि उरलेल्या दोघांची वाट मोकळी होते. काकूंना विसर पडू लागला तेव्हा काकांनी मनावर घेतलं, की त्यांच्या डोक्यातून ही गोष्ट पुसली जाण्याआधी ती आजच्या पोरांच्या हाती द्यायची. हवेलीचं अंतराळयान झालं, मालकाचा कॅप्टन झाला, आणि अनाथ तरुणी यंत्रमानवांची शिकवणी घेऊ लागली. प्रेम मात्र काकांना काही केल्या जमेना. त्यांचा कॅप्टन म्हणे, "तू जवळ आलीस की माझ्या केबिनचं तापमान सुरक्षित मर्यादेबाहेर जातं." यावर माझी मुलगी रेवा हसून लोळायची. ती नववीत, म्हणून काकांच्या लेखी अधिकृत वाचक. रविवारी सकाळी फिल्टर कॉफी आणि चुरमुऱ्यांच्या चिवड्यावर प्रकरणाचा 'डिझाइन रिव्ह्यू' व्हायचा. मी आपली चिवड्यापुरती.

उन्हाळ्यात काकू एकट्याच घराबाहेर पडल्या. शोधून शोधून सगळे थकले, तेव्हा कुठे एका रिक्षावाल्या अण्णानं त्यांना मार्केटजवळून परत आणलं. दुसऱ्या दिवशी काकांनी त्यांच्या खोलीला बाहेरून पितळी कडी बसवली, स्वतःच्या हातांनी.

पुढच्या रिव्ह्यूला नेमकं कोंडलेल्या बायकोचं प्रकरण होतं. रेवानं विचारलं, "काका, यानातलं हे दार आतून उघडत नाही?"

"नाही. बाहेरूनच."

"मग ती डिझाइनची चूक ना?"

बोलून गेली आणि तिनंच जीभ चावली. काकांनी चष्मा काढला. "स्वल्प चूक आहे खरी," ते म्हणाले, "पण ती बाहेर गेली आणि परत हरवली, तर मी तिला कुठे शोधू गं?" कॅप्टनची आठवणही त्यांना उरली नव्हती.

तेवढ्यात कडी लावलेल्या खोलीतून काकूंचा आवाज आला, वर्गात असायचा तसा खणखणीत. "या बाईची बाजू कोण सांगणार? हात वर करा." ती कादंबरी शिकवताना विचारलेल्या या प्रश्नाला वर्गात कधीच कुणी हात वर करत नसे, असं त्या पूर्वी आम्हाला सांगायच्या. बंद दारासमोर काकांनी हळूच हात वर केला. मग उठले आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन आले.

कडी निघाली. त्या दाराला आता देवघरातली घंटा टांगली आहे. कादंबरी तिथेच अडली. आग लावायला काका तयार नाहीत, आणि दार उघडल्यावर ती बाई कुठे जाते हे त्यांना अजून ठाऊक नाही. घंटा वाजली की हातातलं वाक्य अर्धं टाकून ते पायात चपला सरकवतात. काकू पुढे, काका थोडे मागे, असे दोघं रस्त्यानं जाताना मला खिडकीतून दिसतात. हा मागून येणारा माणूस कोण, हे काकूंना बहुतेक दिवस ओळखू येत नाही. काका हाक मारत नाहीत. त्या वळतील तिकडे वळतात.