जुळलं, असं मी म्हणालो

"अरे, तुझ्या सीडीने आमच्या लॅबची वाट लावली," आमच्या कॉलेजातले सर फोनवर मुंबईच्या माजी विद्यार्थ्याला ओरडत होते. आवाज असा, की पार मिरकरवाडा बंदरावरचा मासळीचा लिलाव थांबला असेल.

लॅबच्या कॉम्प्युटरांवर विंडोजच्या जागी टाकायला त्याने एसटीच्या पार्सलने लिनक्सची सीडी पाठवली होती. वाटेत ती बिघडली तर कळावं म्हणून तिच्यातल्या फाईलचा बत्तीस अक्षरांचा ठसाही कळवला होता. इथे एमडीफाइव्हसम ही कमांड चालवून तोच ठसा येतो का, एवढंच लॅब असिस्टंट म्हणून मला बघायचं होतं. अख्ख्या जिल्ह्यात माझ्यासारखा कमांडवाला नाही, हे मीच गावभर सांगितलेलं. प्रत्यक्षात कमांडपुढे फाईलचं नाव द्यावं लागतं, हेसुद्धा मला ठाऊक नव्हतं. कर्सर नुसता लुकलुकत राहिला. माझे दोन चहा झाले. कुणाला विचारायची लाज वाटली, म्हणून सरांना सांगून टाकलं, "जुळलं."

त्या भरवशावर सरांनी दहा कॉम्प्युटरांवरचं होतं नव्हतं ते पुसून टाकलं. मुलांचे प्रोजेक्ट गेले आणि सीडी वाटेतच बिघडलेली, त्यामुळे लिनक्सही चढलं नाही.

"इथे तपासलंय आम्ही. चूक तुझीच," सर म्हणाले.

माझ्याच्याने ऐकवेना. "सर, मी तपासलंच नव्हतं."

सरांनी रिसीव्हर माझ्यापुढे धरला.

"त्याला सांगा."