कोकणातला ओला कोळसा

प्रयोगशाळेत नोकरी केली की किस्से जमवावे लागत नाहीत, टेबलावरच्या धुळीसारखे आपोआप साचतात. आमची लॅब नागपुरात, सदरला. एरवी आमच्याकडे यायचा तो विदर्भातला टणक, काळाकुळकुळीत कोळसा. सत्तरच्या दशकात एकदा कोकण किनाऱ्यावरच्या एका विहिरीतून पोतंभर लिग्नाइट, म्हणजे कच्चा तपकिरी कोळसा, आलं, आणि ऑफिसची घडीच मोडली.

*

तुळशीराम आमचा अटेंडंट, रोज कोराडीहून बसनं यायचा. त्यानं लिग्नाइट तोलून ओव्हनमध्ये ठेवलं. काढलं तर वजन जवळपास अर्धं! बिचारा घाबरून माझ्याकडे आला. "मॅडम, म्या काही केलं नाही. हा कोळसाच घाम गाळून राहिला."

मी सांगितलं, हा अजून कोवळा आहे, अंगात पाणी फार. त्यानं मान डोलावली. "मंग कोराडीच्या वीजघराच्या भट्टीत टाकू नका. भट्टीलेच पडसं होईल."

*

त्या लिग्नाइटमध्ये राळेचे पिवळे खडे सापडले. एक जाळला, तर देवघरासारखा वास. टायपिस्टबाईंनी डोळे मिटून हात जोडले. दुसऱ्या दिवशी त्याच कोळशाचा तुकडा पेटवला. गंधकाचा असा भपका उठला की बाई टाइपरायटर उचलून व्हरांड्यात गेल्या. संध्याकाळपर्यंत आत आल्या नाहीत.

*

त्या गंधकावरूनच देशकर साहेबांशी माझं वाजलं. ते आमचे प्रमुख. त्यांचं म्हणणं, ज्या झाडांचा हा कोळसा झाला ती पुरात वाहत येऊन खाडीच्या तोंडाशी अडकली. मी रिपोर्टात लिहिलं होतं की झाडं तिथंच खाऱ्या चिखलात वाढली, गंधक समुद्रानं दिला. साहेब शांतपणे म्हणाले, "बाई, झाड वाहून आलं का तिथंच उगवलं, हे परीक्षानळीत दिसत नाही."

मी म्हटलं, मग विहिरीत दिसेल. कोळशाखालच्या मातीत मुळं सापडली तर माझं खरं. नाहीतर रिपोर्ट मीच फाडते.

साहेब खरंच माझ्याबरोबर कोकणात आले. उन्हाळ्यात विहीर आटलेली. निवृत्तीला आलेला तो माणूस दोर धरून जांभा, मग कोळशाचा थर ओलांडत तळाच्या चिकणमातीपर्यंत उतरला. मी काठावर. खालून बराच वेळ नुसता खरवडल्याचा आवाज. मग तोही थांबला.

विहिरीचे म्हातारे मालक वाकून ओरडले, "पाणी लागला काय?"

खालून साहेबांचा आवाज आला.

"नाही. मुळं लागली. उभी."