दत्तूमामाचे देव तळवलीला जातात

कराडच्या एसटीने मला सानपाड्याला हायवेच्या भलत्याच बाजूला उतरवलं. एका हातात तांदळाची पिशवी, दुसऱ्या हातात कपड्यांची, पलीकडे मामाची वसाहत आणि मधून न थांबता जाणारे ट्रक. शेवटी एका रिक्षावाल्याला दया आली. मी बिल्डिंगचं नाव सांगितलं, ते त्याने कधी ऐकलं नव्हतं. "दत्तू मुकादम राहायचे ना, तिथे," म्हटल्यावर मात्र त्याने वळून पाहिलं.

"देववाले मामा? मग तसं सांगा ना, मॅडम. माझ्या रिक्षातून किती देव आणले त्यांनी. देवांचं भाडं मी कधी घेतलं नाही. त्यांचं घ्यायचो."

दत्तूमामा म्हणजे माझ्या आईचा धाकटा भाऊ. तरुणपणी कोरेगावकडून इकडे आला, वाशीच्या कांदाबटाटा बाजारात पाठीवरून गोण्या वाहिल्या आणि पुढे टोळीचा मुकादम झाला. गळ्यात तुळशीची माळ, कपाळी गंध, डोक्यावर पांढरी टोपी. बायको, मुलगा आणि देव यांच्यापलीकडे त्याचं जग नव्हतं, पण त्यातले देव वाढत गेले. लोक घर बदलताना किंवा काच फुटली म्हणून देवांच्या तसबिरी पिंपळाखाली नाहीतर खाडीच्या कडेला ठेवून जातात. मामाला ते बघवत नसे. "घरातल्या माणसाला असं रस्त्यावर सोडतंय का कोण?" म्हणत तो त्या उचलून आणायचा, पुसायचा, काचेला चिकटपट्टी लावायचा आणि भिंतीवर टांगायचा. भिंतीचा रंग कोणता, हे मामीला लग्नानंतर पहिली काही वर्षंच माहीत होतं.

मी आले होते त्याच्या वर्षश्राद्धाला. श्राद्ध नीट पार पडलं. खरी अडचण पुढेच होती. बिल्डिंग पाडून नवी बांधायची ठरलेली, त्यामुळे सगळ्यांना घरं रिकामी करायची होती. मामाच्या मुलाने, महेशने, भाड्याचा फ्लॅट घेतला होता आणि घरमालकाची अट होती की भिंतीला एकही खिळा ठोकायचा नाही.

"मग सगळे खाडीत विसर्जन करू," महेश म्हणाला. तो न्हावा शेवा बंदरात माल सोडवणाऱ्या एजंटाकडे काम करतो. त्याला कुठलीही वस्तू दिसली की ती इथून तिथे कशी न्यायची, एवढंच सुचतं.

"तुझ्या बानं खाडीवरनं आणल्यात ते," मामी म्हणाली. "तू परत तिथंच नेऊन टाकणार व्हय?"

ही तीच मामी, जी तीस-पस्तीस वर्षं देवांच्या धुळीवरून मामाशी भांडत आली होती. मग मामाचे जिवलग मित्र, तळवलीचे हरीभाऊ आठवले. दोघं एकाच भजनी मंडळात. हरीभाऊ मृदंग वाजवायचे आणि मामा टाळ चुकवायचा. हरीभाऊंच्या शेतांच्या जागी आता भाड्याच्या खोल्यांची चार माळ्यांची इमारत उभी आहे. फोनवर ते आपल्या आगरी बोलीत म्हणाले, "घेऊन या सगले. गावचे देवलान ठेवू."

दुसऱ्या दिवशी सकाळी महेशने देव खोक्यांत भरले आणि प्रत्येक खोक्यावर सवयीने बाण काढून 'ही बाजू वर' लिहिलं. मी आणि मामी टेम्पोत त्याच्या शेजारी बसलो. ठाणे-बेलापूर रस्त्याला लागेपर्यंत मामीला मामाच्या आठवणींची उबळ आली.

"ह्याच्या दहावीला त्यांनी देवांस्नी विषय वाटून दिलं होतं. गणित गणपतीला. इंग्रजी मेरीमातेला, तिला येत असंल म्हणून."

"आणि मी गणितात नापास झालो," महेश म्हणाला.

"तरी गणपतीला बोलले न्हाईत. म्हणाले, त्याच्याकडं गर्दी असती. पुढच्या खेपेला मारुतीला दिलं."

"पास झालो, ताई. पस्तीस मार्क. मारुती पण काठावरच."

घणसोलीच्या सिग्नलला तिला दुसरी गोष्ट सुचली. बाजारात एका कोपऱ्यात लोक लघवीला उभे राहायचे. कुणीतरी म्हणालं, तिथे देव लावा, म्हणजे लोकांना लाज वाटेल. मामाने सकाळी खंडोबा लावला. दुपारी त्याच्याच मनाला लागलं, की देवाला दिवसभर हे काय बघायला लावलंय. तसबीर घरी आणून त्याने गुलाबपाण्याने पुसली आणि पुढे कित्येक दिवस मोकळ्या वेळात स्वतःच त्या कोपऱ्यात राखण करत उभा राहिला.

तळवलीत हरीभाऊ रस्त्यावरच वाट बघत होते, चेहरा पडलेला. गावच्या देवळाला नुकताच संगमरवर बसवला होता आणि कमिटीने चिकटपट्टीवाले देव आत घ्यायला नकार दिला होता.

"पन टेन्शन नाय, वयनी," ते म्हणाले. "माझे बिल्डिंगचे जिन्यान लावू. भाडेकरी पान खाऊन थुकतान, ते बंद होल."

मी मामीकडे पाहिलं. खंडोबाची गोष्ट सांगून तिला अर्धा तासही झाला नव्हता.

"टेम्पो वळव, महेश," ती म्हणाली.

हरीभाऊंनी हात जोडले, आधी जेवा तरी, म्हणाले. त्यांच्या घरी तांदळाच्या भाकऱ्या आणि वालाचं बिरडं होतं. शिवाय निवट्यांचं (खाडीच्या चिखलातले छोटे मासे) कालवण चुलीवर होतं. मामी माळकरी, म्हणून मी वास घेत वाल खात होते. तिने माझ्याकडे न बघताच सांगितलं, "खा गं सुमे. माळ माझ्या गळ्यात हाय." मी दोनदा वाढून घेतलं.

जेवणं होईतो इमारतीतल्या बायकांमध्ये बातमी पसरली होती, की टेम्पोतून देव आलेत आणि ते फुकट आहेत. आम्ही बाहेर आलो तर खोकी उघडलेली. एका साताऱ्याच्या बाईने ज्योतिबा पदराखाली घेतला होता. बिहारकडचा एक सुतार दुर्गा हातात धरून, घेऊ का, असं खुणेने विचारत होता. केरळची एक नर्स ड्यूटीला निघाली होती, ती मेरीमातेपाशी थबकली. महेशने तसबीर तिच्या हातात दिली आणि हिंदीत सांगितलं, "इंग्लिश अच्छा है इनका."

त्या गर्दीत हरीभाऊंची म्हातारी आई काठी टेकत आली. एकवीरेची एक तसबीर तिने उचलली, तोंडाजवळ नेली आणि काचेवरून अंगठा फिरवला.

"ही आपली हाय," ती म्हणाली.

"आये, अशा लय असतान," हरीभाऊ घाईने म्हणाले.

"हे चौकटीवर तुझे बापाने चुना सांडला व्हता. यो बघ डाग. तू बोललास, देवलान दिली."

हरीभाऊ खाली बघू लागले. घराला फॉल्स सीलिंग केलं, तेव्हा ती तसबीर त्यांनीच पिंपळाखाली ठेवली होती.

"त्यांना ठाव होतं, भाऊजी," मामी हळूच म्हणाली. "म्हणायचे, हरीला आठवण झाली की मागंल तो. आपण बोलायचं न्हाई, त्याला वाईट वाटंल."

आईच्या हातातून तसबीर घेऊन हरीभाऊ आत गेले आणि हातोडीचा आवाज आला. कुठल्या भिंतीवर, ते बघायला आम्ही गेलो नाही.

संध्याकाळी रिकामा टेम्पो घेऊन सानपाड्याला परतलो, तर मामी दारातच थांबली. श्राद्धासाठी पाटावर ठेवलेला मामाचा फोटो जागेवर नव्हता. महेशने घाईत तोही भरला होता. त्याने हरीभाऊंना फोन लावून स्पीकर चालू केला.

"गावला," थोड्या वेळाने हरीभाऊ म्हणाले. "चवथे माल्यावर. गंध-टोपी बघून ती बाय बोलते, महाराजांना देनार नाय. फोटो लावला नि तिचे नलाला पानी आला. महिनाभर येत नव्हता."

"मग काका, सांगा ना तिला."

"काय सांगू? मोटर मीच आज दुरुस्त केली. पन ती हात जोडून बसलीय, तिला मोटरचा काय सांगू?"

महेशने मामीकडे पाहिलं. मामीने तोंडाला पदर लावला. मला वाटलं रडते आहे, पण खांदे हसण्याने हलत होते.

"राहू दे त्यांना तिथंच," ती म्हणाली. "आमच्याकडं दुसरा फोटो हाय."

सकाळी ती मला बसपर्यंत सोडायला आली.

"हरीभाऊंना परत फोन केला होता मी," ती म्हणाली. "ती बाई फोटोपुढं रोज चहा ठेवणार हाय. म्हटलं, साखर कमी घाल म्हणावं तिला. शुगर होती त्यांस्नी."

गाडी पनवेलच्या पुढे गेली तरी मी एकटीच हसत होते; शेजारच्या बाईने पिशवी जवळ ओढून घेतली. मग हसू ओसरलं. मामाने कधी प्रवचन दिलं नाही, कुणाला शहाणपण शिकवलं नाही. दुसऱ्याने बाहेर ठेवलेलं तो फक्त आत आणायचा आणि ज्याने ठेवलं त्याचं नाव घेत नसे. आता कुणा अनोळखी बाईने त्याला आत घेतलं आहे. त्याचं नाव तिला ठाऊकही नाही.