नीळकंठाचा फोटो अन् माझी विहीण

कॅमेरा घ्यायचं मी ठरवलं ते हौसेनं नाही, जळून ठरवलं. खरं तेच सांगते.

माझी नात सई अमरावतीला असते. तिची एक वही आहे, पानागणिक एक पक्षी. खंड्या, वेडा राघू, बगळा, सगळ्यांचे फोटो चिकटवलेले अन् प्रत्येकाखाली एकच ओळ: फोटो, अमरावतीची आजी. म्हणजे माझी विहीण. शाळेत शिकवून रिटायर झाली अन् गळ्यात कॅमेरा घालून फिरायला लागली. नात रोज तिच्याजवळ, वहीही तिच्याजवळ, अन् मी इकडे पातूरजवळच्या खेड्यात. वहीत एकच पान कोरं होतं, नीळकंठाचं. बसलेला नीळकंठ मातकट दिसतो, निळाई दिसते ती पंख उघडले की. सईला उडतानाचाच पाहिजे होता अन् विहिणीला तो तीन हिवाळे साधला नव्हता. मी म्हटलं, हे पान आपलं.

(मी चौथी शिकले. फोनात बोलते, फोन लिहून काढतो, सई चुका काढते. हे वरचं तिनं दात विचकत दुरुस्त केलं.)

सकाळच्या एसटीनं निघाले. पातूरहून अकोला तासभर, तिथं गाडी बदलायची, मग मूर्तिजापूरवरून अमरावती दोन-अडीच तास. बायांना अर्धं तिकीट आहे, तेव्हा घरी बसून राहू नका. खिडकी डाव्या हाताची धरा, ऊन लागत नाही. रस्ताभर तारांवर पक्षी मोजत गेले. चाळीस वर्षं ज्यांना वावरातून हाकललं, त्यांना आता बोलवायला निघाले होते. अमरावतीत उतरल्यावर आधी दह्यात बुडवलेला गिला वडा खाल्ला. रिकाम्या पोटी विहिणीसमोर जाऊ नये.

कॅमेऱ्याच्या दुकानात विहीण सोबत आलीच. मी दुकानदाराला सरळ सांगितलं, यांच्या कॅमेऱ्याच्या नळीपेक्षा लांब नळी दाखवा. त्यानं दिली एक हातात. मी कापसाची गाठोडी उचललेली बाई, पण उचलणं वेगळं अन् डोळ्याला लावून हालू न देणं वेगळं. मिनिटभरात हात लटलट कापायला लागला. विहीण हसली नाही, त्याचाच मला जास्त राग आला.

"विहीणबाई, कॅमेऱ्याची बॉडी जुनी घेतली तरी चालेल," ती म्हणाली. "पैसा लेन्सवर घाला. अन् जी उचलून तासभर चालता येईल तीच घ्या."

मला पटलं, पण तोंडावर दाखवलं नाही. शेवटी वापरलेली बॉडी घेतली अन् सत्तर ते तीनशे मिलिमीटरची लेन्स, हात हलला तरी सांभाळून घेणारी. नव्याच्या निम्म्यात काम झालं. तुम्ही घ्याल तर लेन्समधून बॅटरीचा उजेड पाडून पाहा, आत बुरशीचे धागे दिसले तर ठेवून द्या. अन् दुकानाच्या दारात येऊन समोरच्या कबुतरावर धरून पाहा. पक्षी दूर दिसला म्हणून हळहळू नका, जवळ जायला पाय आहेत. उडता पक्षी धरायचा तर शटरचा वेग हजाराच्या वर ठेवायचा, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागात फोटो. हे सगळं तिनंच शिकवलं. दोनदा शिकवलं, शाळेतला बाईपणा जात नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी रिक्षानं गावाबाहेर गेलो. विहीण तलावाकडे वळत होती.

"तिकडे काहून?" मी म्हटलं. "नीळकंठाले पाणी नाही, किडे लागतात. नांगरलेलं वावर पाहा अन् वरची तार पाहा."

तिला तीन हिवाळ्यांत हे कळलं नव्हतं. मला इतकं गोड वाटलं! अन् खरंच, ज्वारीच्या शेजारी एक नांगरलेलं वावर होतं आणि वर तारेवर महाराज बसलेले. दोघी बांधावर बसलो. मी कॅमेरा डोळ्याला लावला, फोकसचा ठिपका त्याच्या डोळ्यावर आणला, बोट अर्धं दाबून धरलं. आता फक्त त्यानं उडायचं. श्वास रोखला होता. सईची वही डोळ्यासमोर आली, खाली माझं नाव.

तेवढ्यात ज्वारी फस्त करणाऱ्या भोरड्यांचा थवा आला अन् शेजारच्या ज्वारीवर उतरला.

मी काही ठरवलं नाही हो. हात आपोआप वर गेला अन् पोटातून हाक निघाली, हाऽऽ हुर्र! राखणीची सवय. ज्वारी कोणाची, हे हाताला काय कळतं? थवा उठला, अन् नीळकंठही उठला. माझ्या कानाजवळ विहिणीचा कॅमेरा खटखट खटखट वाजला.

ज्वारीतल्या राखणीच्या माळ्यावरून एक बाई म्हणाली, "मावशी, दुपारपर्यंत थांबता का? मी जेवून येतो."

विहिणीनं तिच्या कॅमेऱ्याचा पडदा दाखवला. पंख असे उघडलेले, जणू लुगडं झटकलं. माझ्या कॅमेऱ्यात काय? तिरपी तार अन् आभाळ. माझी हाक, माझी जागा, अन् फोटो तिचा. परतताना विहिणीनं फोटो छापून घेतला, मी माझा कॅमेरा पिशवीच्या तळाशी घातला.

घरी सईनं फोटो चिकटवला. मी भिंतीकडे पाहत बसले. तेव्हा विहीण तिला म्हणाली, "सई, हा उडाला तुझ्या पातूरच्या आजीमुळे. जागाही तिनंच दाखवली. मी फक्त बटण दाबलं. तसंच लिही." सईनं लिहिलं: हाकललं, पातूरची आजी. फोटो, अमरावतीची आजी.

मी चष्मा पुसून पाहिलं. माझं नाव वर होतं. विहिणीनंही पाहिलं.

"पण माझं खाली का गं?" ती म्हणाली.

आदल्या दिवशी खाल्लेला गिला वडा त्या घडीला पुन्हा गोड लागला.

आता घरी येऊन आठ दिवस झाले. कॅमेरा खुंटीला आहे, अंगणात कलकलणाऱ्या सातभाई पक्ष्यांचे बरे फोटो निघतात. जळणं गेलं का? नाही. तो फोटो डोळ्यासमोर आला की अजून चुरचुरतं. काल तिचाच फोन आला, हाकलायला कधी येता म्हणून.

"येतो," मी म्हटलं. "पण या बारीले हाक तुमी मारा, बटण मी दाबतो. मारून दाखवा बरं."

तिनं फोनवर मारून दाखवली. वर्गात गप्प बसा म्हणावं, तशी. त्यानं चिमणीसुद्धा उडणार नाही. रात्री मला छान झोप लागली.